आकारांना नावं ठेवताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना एक काम दिलं होतं : ओळखीच्या वस्तूवरून नाव पडलेला एखादा आकार कळवा आणि त्याबद्दल काही अडलं असेल तर विचारा. नाशिक शहर, सिन्नर, येवला, निफाड इथून पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं. आकडेमोड मुद्दाम करून दाखवली आहे, कारण नाव आकार ओळखायला पुरतं. कापायला किंवा बांधायला पुरत नाही.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या दरवाजाची कमान ढासळली आहे. फक्त दोन्ही बाजूंचे खांब आणि कमानीचा थोडा तुकडा शिल्लक आहे. तशीच कमान पुन्हा उभी करायची तर फरम्यासाठी (कमान ज्यावर रचतात त्या साच्यासाठी) त्रिज्या कशी काढायची? (बांधकाम मिस्त्री, पंचवटी)

कमान हा शब्द फारसी, अर्थ धनुष्य. आपल्या भूमितीतही वर्तुळाच्या या भागाचं सगळं कुटुंब धनुष्याचंच आहे. वाकलेला भाग तो चाप, दोन टोकं जोडणारी सरळ रेघ ती जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतची रेघ तो शर, म्हणजे बाण. तुमच्या भाषेत जीवा म्हणजे दरवाजाची रुंदी आणि शर म्हणजे कमानीचा उठाव.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये दिलेला नियम इथे थेट कामाला येतो : अर्ध्या जीवेचा वर्ग म्हणजे दोन्ही बाजूंच्या शरांचा गुणाकार. एक शर तुमच्या कमानीचा, दुसरा वर्तुळाच्या उरलेल्या भागाचा. मिस्त्रीला सोयीचं करून सांगायचं तर : अर्ध्या रुंदीचा वर्ग घ्या, त्यात उठावाचा वर्ग मिळवा, बेरजेला उठावाच्या दुपटीने भागा. आली त्रिज्या.

समजा दरवाजा १२० सेंमी रुंद आणि उठाव ३० सेंमी. अर्धी रुंदी ६०, वर्ग ३६००. उठावाचा वर्ग ९००. बेरीज ४५००, भागिले ६०, उत्तर ७५ सेंमी. दोन्ही खांबांना जोडणाऱ्या रेघेच्या मध्यापासून ४५ सेंमी खाली खिळा ठोका, ७५ सेंमीची दोरी बांधा आणि फळीवर कमान आखा. दोरी सुतळीची नको, ताणली की वाढते. बारीक तार किंवा दोन भोकं पाडलेली पट्टी घ्या.

खरा घोळ तुकड्यावरून त्रिज्या काढताना होतो. तुकडा लहान असला की शर फार लहान येतो आणि त्यातली जरा चूक उत्तर कुठल्या कुठे नेते. २४ सेंमी जीवेच्या तुकड्याचा शर १ सेंमी मोजला तर त्रिज्या ७२.५ सेंमी. तोच शर १ मिमीने जास्त, म्हणजे १.१ सेंमी मोजला, तर ६६ सेंमी. एका मिलिमीटरने साडेसहा सेंमी खाल्ले! म्हणून शिल्लक आहे त्यातला सर्वांत लांब तुकडा घ्या, चुन्याचे जुने थर खरवडून दगडाच्या कडेवरच मोजा, आणि जीवा बदलून तीन ठिकाणी हिशेब करा. तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी आली तर तो तुकडा एका वर्तुळाचा. एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे उत्तर सरकत गेलं तर समजा, ती एका वर्तुळाची कमान नव्हती. मग प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा करावा लागेल.

कमान महिरपी असेल, म्हणजे पाकळ्यापाकळ्यांची, तर प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र वर्तुळ धरून वरचाच नियम तितक्या वेळा वापरा. महिरप शब्द मशिदीतल्या मिहराबवरून आला आणि गणिताच्या वहीत जाऊन बसला : लाटेसारख्या वळणाच्या कंसाला आपण महिरपी कंस म्हणतो ते त्यामुळेच.

प्रश्न : शंकरपाळ्याचा आकार म्हणजे समभुज चौकोन असं मुलाच्या पुस्तकात आहे. माझी शंकरपाळी मात्र कधी चारही बाजूंनी सारखी होत नाहीत. एकीकडे ओढल्यासारखी दिसतात. (नाशिकरोड)

तुमचं कातण ठीक आहे, मोजण्याची दिशा चुकते आहे. बहुतेक जणी पोळीवर आधी उभे पट्टे पाडतात आणि मग पट्ट्याच्या कडेवर तेवढंच अंतर सोडून तिरके काप देतात. पट्टा २ सेंमी रुंद आहे आणि कडेवर २-२ सेंमीवर खुणा करून ६० अंशांत तिरके काप दिले, तर प्रत्येक तुकड्याची एक बाजू २ सेंमी आणि तिरकी बाजू २.३ सेंमी होते. हा समांतरभुज चौकोन झाला, समभुज नव्हे. तुम्हाला दिसणारी ओढ ती हीच.

नियम एवढाच : दोन्ही दिशांच्या कापांमधलं काटकोनातलं अंतर सारखं हवं. चौकोनाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची. दोन्ही पायांवरची उंची सारखी, तर दोन्ही पायेही सारखेच असले पाहिजेत. म्हणून २ सेंमी पट्ट्यावर ६० अंशांचे काप द्यायचे तर कडेवरच्या खुणा २.३ सेंमीवर करा. जमलं की नाही हे पाहायची सोपी खूण : ६० अंशांच्या शंकरपाळ्याचा आखूड कर्ण त्याच्या बाजूइतकाच, २.३ सेंमी भरतो. लांब कर्ण ४ सेंमी.

४५ अंशांत कापलं तर कडेवरचं अंतर २.८ सेंमी घ्यावं लागतं. आकार देखणा दिसतो, पण टोकं फार अणकुचीदार होतात. मधला भाग अजून पांढरा असतो तेव्हा टोकं तांबूस होऊन करपायला लागतात, आणि डब्यात भरताना पहिली मोडतात तीच. पोळी साधारण अर्धा सेंमी जाड लाटत असाल तर ६० अंशांच्या खाली जाऊ नका, असं आमचं मत.

पाश्चात्त्य भूमितीत याला ऱ्हॉम्बस म्हणतात. तो ग्रीक शब्द दोरीला बांधून गरगर फिरवायच्या एका वस्तूचा. आपलं नाव अधिक चविष्ट आहे.

प्रश्न : वृत्तचिती (सिलिंडर), इष्टिकाचिती (विटेसारखा ठोकळा) ही नावं मुलांना जड जातात. शंकू तर कोणी पाहिलेलाच नाही. वर्गात कसं सांगावं? (शिक्षिका, सिन्नर)

इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग. यज्ञाची वेदी विटा रचून करत, तिला चिती म्हणत. शुल्बसूत्रांमध्ये ससाण्याच्या आकाराची श्येनचिती, रथाच्या चाकाची रथचक्रचिती अशा वेद्यांची मापं दिली आहेत. शुल्ब म्हणजे दोरी; मापं दोरीने घेत. तेव्हा मुलांना नाव पाठ करायला लावण्याआधी विटाच रचायला द्या.

हिशेबही विटेचाच करा. १९ × ९ × ९ सेंमीची वीट सांध्याच्या मसाल्यासह २० × १० × १० धरतात. म्हणजे एका विटेला २००० घन सेंमी जागा, आणि एका घनमीटरला ५०० विटा. मुलं १९ × ९ × ९ ने भागून साडेसहाशेच्या आसपास आकडा काढतात. तो का चुकतो हे विचारलं की घनफळ म्हणजे काय ते पक्कं होतं.

शंकू म्हणजे खुंटी. जुन्या ज्योतिषात सावली मोजायला उभी करायची १२ अंगुळांची काठी तोही शंकूच. तुमच्या शाळेच्या मैदानात हा प्रयोग करा. सपाट जागी सरळ काठी ओळंब्याने उभी करा. तिच्या बुडाला केंद्र धरून एक वर्तुळ काढा, काठीच्या उंचीएवढ्या त्रिज्येचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडताना शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. जमीन उतरती असेल तर रेघ वाकडी येते, म्हणून आधी पाणसळ लावून पाहा. ढगाळ दिवसात दुसरी खूण हुकते, तेव्हा तीन-चार वेगवेगळ्या त्रिज्यांची वर्तुळं आधीच काढून ठेवा.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळांच्या काठीची सावली ४.४ अंगुळांच्या जवळ पडते, आणि २० मेच्या आसपास मध्यान्ही ती जवळजवळ नाहीशीच होते.

प्रश्न : ‘आर्बेलोस’ म्हणजे काय? आणि पैठणीवरची कोयरी भूमितीने काढता येते का? (येवल्याहून दोन वेगळी पत्रं)

दोन्ही प्रश्न एकत्र घेतले, कारण दोन्ही आकृत्या एकाच रेघेवर उभ्या राहतात.

आर्बेलोस म्हणजे ग्रीक भाषेत चांभाराची सुरी. आपली रापी म्हणा. आर्किमिडीजच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात हिचे गुण सांगितले आहेत. कृती अशी. १२ सेंमीची आडवी रेघ घ्या आणि तिच्यावर ६ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा. रेघेवर डावीकडून ४ सेंमीवर खूण करा. डाव्या ४ सेंमीवर २ सेंमी त्रिज्येचं आणि उजव्या ८ सेंमीवर ४ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा, दोन्ही रेघेच्या वरच्याच बाजूला. मोठ्यातून ही दोन कापून टाका. उरते ती रापी : वर एक सलग धार, खाली दोन खाचा.

आता गंमत पाहा. वरची धार १८.८५ सेंमी लांब. खालच्या दोन खाचा ६.२८ आणि १२.५७, बेरीज तीच, १८.८५. खूण ४ वर घ्या की ५ वर, ही बरोबरी मोडत नाही. दुसरा गुण याहून नवलाचा. ४ सेंमीच्या खुणेवर उभी रेघ काढा, ती वरच्या धारेला ५.६६ सेंमीवर भिडते. या रेघेला व्यास मानून वर्तुळ काढलं तर त्याचं क्षेत्रफळ रापीएवढंच, २५.१ चौरस सेंमी.

पुठ्ठ्यावर तोलून पाहायचं असेल तर मापं तिप्पट करा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कार्डशीटवर ३६ सेंमीच्या रेघेची रापी ६.८ ग्रॅम भरते आणि वर्तुळही तेवढंच. १२ सेंमीची रापी जेमतेम पाऊण ग्रॅम, ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसणारही नाही. कापताना खाचांच्या मधलं टोक हमखास फाटतं. आधी दोन लहान अर्धवर्तुळं कापा, मोठं शेवटी.

आता कोयरी. तीच १२ सेंमीची रेघ, पण खूण बरोबर मध्यावर, ६ सेंमीवर. मोठं अर्धवर्तुळ वर काढा. डावीकडचं ३ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ आत कापा, उजवीकडचं मात्र रेघेच्या खाली, बाहेर काढा. बुंध्याशी गोल आणि टोकाशी वाकलेली कोयरी तयार. तिचं क्षेत्रफळ १२ सेंमी व्यासाच्या वर्तुळाच्या नेमकं निम्मं, ५६.५ चौरस सेंमी, आणि कड मात्र पूर्ण वर्तुळाएवढीच, ३७.७ सेंमी.

पैठणीवर ही आकृती जशीच्या तशी उतरत नाही. कारण मागावर गोल रेघ नसतेच. पदरावरची कोयरी डोळ्यांजवळ नेऊन पाहा : कड पायऱ्यापायऱ्यांची आहे. ताणा उभा, बाणा आडवा, आणि रंग बदलतो तो याच जाळीच्या घरांवर. जिथे वळण जवळजवळ उभं असतं तिथे पायऱ्या बारीक असतात आणि डोळ्याला कळत नाहीत. माथ्यावर आणि बुडाशी वळण आडवं होतं, तिथे एक पायरी लांबच लांब होते आणि कोयरी चपटी दिसते. म्हणून नक्षी आधी आलेखाच्या कागदावर घरं रंगवून पाहतात, आणि माथ्याला भूमितीपेक्षा किंचित अधिक उंच करून घेतात. कंपासाने काढलेली अचूक कोयरी विणल्यावर बसकी दिसते, ती चूक कारागिराची नसते.

इंग्रजीत या आकाराला पेझ्ली म्हणतात. ते स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव. एकोणिसाव्या शतकात तिथे या नक्षीच्या शाली विणत. आपण आंब्याकडे पाहिलं, त्यांनी गिरणीकडे.

प्रश्न : पांडवलेण्यात एक जण खांबाच्या वरच्या भागाला घंटा म्हणतो, दुसरा उलटं कमळ. बरोबर कोण? (सिडको)

लेणं क्रमांक ३ आणि १० मधल्या खांबांबद्दल तुम्ही विचारत आहात. क्रमांक १० मधल्या खांबांचं बूड घटाचं, त्याबद्दल वाद नाही. वरच्या भागाला ‘घंटाकार’ म्हणण्याची पद्धत इंग्रज अभ्यासकांनी रूढ केली. इराणमधल्या पर्सिपोलिसच्या खांबांशी तुलना करताना ते नाव पक्कं झालं. ज्यांनी अशोकस्तंभांच्या शीर्षांवरच्या लांबट पाकळ्या पाहिल्या, ते त्याला खाली झुकलेलं कमळ म्हणतात. बाह्यरेषा पाहाल तर घंटा, पृष्ठभागावरचं काम पाहाल तर कमळ. आम्हाला दुसरं नाव जवळचं वाटतं, पण वर्णन लिहिताना बाह्यरेषेसाठी पहिलंच सोयीचं पडतं.

तसंच लेणं क्रमांक १८ च्या, म्हणजे चैत्याच्या, दर्शनी कमानीचं. पुस्तकं तिला घोड्याची नाल म्हणतात, बघायला आलेली मंडळी पिंपळपान. नालेला वर टोक नसतं, या कमानीला आहे. तेव्हा पिंपळपान सरस. मुळात तो आकार दोन्हींवरून घेतलेला नाही. वाकवलेल्या लाकडाच्या छपराची ती दगडातली नक्कल आहे.

याच पत्रात सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या देवळांच्या कळसाखालच्या चक्राबद्दल विचारलं आहे. ते आमलक, म्हणजे आवळा. खरा आवळा हातात घेतला तर त्याच्यावर सहा फिकट रेषा दिसतात. दगडी आमलकाला फाका कितीतरी जास्त आणि आकार बराच चपटा. नाव फाकांवरून पडलं, प्रमाणावरून नाही.

प्रश्न : भिंगाला लेन्स का म्हणतात? (निफाड)

लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग आणि अख्खा मसूर शेजारी ठेवा. अंतर्गोल भिंगालाही तेच नाव चिकटलं, त्याचा मसुराशी काही संबंध नाही.

प्रश्न : पुस्तकातल्या ‘पतंग’ चौकोनाचा वरचा भाग आखूड आणि खालचा लांब असतो. आमच्याकडे संक्रांतीला उडतात ते पतंग तसे नसतात. मग पुस्तक चुकलं का? (आठवीतला विद्यार्थी, येवला)

पुस्तक चुकलेलं नाही, त्यातलं चित्र परदेशी आहे. युरोपातल्या पतंगाची उभी काडी लांब, आडवी काडी बरीच वर आणि खाली लांब शेपूट. आपला पतंग म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला जवळजवळ चौरस.

पण व्याख्या पाहा. ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो तो पतंग. तुझा पतंग ही अट पाळतो. एवढंच नाही, सगळे समभुज चौकोन आणि सगळे चौरसही पाळतात. म्हणजे गणितात प्रत्येक चौरस हा पतंग आहे, चित्रात तसा दिसत नसला तरी. क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं : दोन्ही कर्ण ५० सेंमी असतील तर १२५० चौरस सेंमी कागद.

तपासायचं तर पतंग उभ्या काडीवर घडी पडेल असा कल्पून दोन्ही बाजू जुळतात का पाहा. कागद जुळूनही पतंग एकीकडेच कलत असेल तर दोष वाकवलेल्या काडीत असतो. बांबूचं पेर एका बाजूला आलं किंवा एक बाजू जाड राहिली की ती कमी वाकते, आणि वाऱ्यात दोन्ही पंख सारखे वळत नाहीत. काडी चिकटवण्याआधी मध्यावर बोटावर तोलून बघ, मग दोन्ही टोकं धरून वाकव. जी बाजू ताठ राहील ती काचेच्या तुकड्याने थोडी थोडी तास, एकदम नको.

नवीन आकारांनाही अशीच नावं पडतात. डेव्हिड स्मिथ या इंग्रज हौशी अभ्यासकाला २०२२ च्या नोव्हेंबरात तेरा बाजूंची एक फरशी सापडली. ती एकटी सगळं प्रतल झाकते, पण नक्षीची ठरावीक पुनरावृत्ती कधीच होऊ देत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये त्याने तीन सहकाऱ्यांसह सिद्धता जाहीर केली. तिचं नाव हॅट, कारण ती टोपीसारखी दिसते. सुसम षटकोनाचं केंद्र प्रत्येक बाजूच्या मध्याशी जोडलं की सहा पतंग मिळतात. अशा आठ पतंगांची ती टोपी.

प्रश्न : पत्त्यांतल्या हार्टला आपण बदाम का म्हणतो, आणि रांगोळीसाठी तो नीट कसा काढायचा? (गंगापूर रोड)

आपल्याकडे पत्त्यांची नावं बहुधा डोळ्याला दिसलं त्यावरून पडली : बदाम, चौकट. छातीतल्या हृदयाशी हा आकार तसाही जुळत नाही. वनस्पतिशास्त्रात मात्र पिंपळाच्या आणि गुळवेलीच्या पानाला हृदयाकृतीच म्हणतात.

काढायची रीत : ८ सेंमीचा चौरस कोपऱ्यावर उभा करा. वरच्या दोन बाजूंवर प्रत्येकी ४ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ बाहेरच्या अंगाला काढा, केंद्र बाजूच्या मध्यावर. पूर्ण आकार १३.७ सेंमी रुंद आणि १२.५ सेंमी उंच होतो, कागद त्या हिशेबाने घ्या. त्रिज्या ४ पेक्षा मोठी घेतली तर दोन वर्तुळं एकमेकांत शिरतात आणि वरची खाच उथळ होते. लहान घेतली तर चौरसाचे कोपरे बाहेर डोकावतात.

गणितातला हृदयवक्र, ज्याला १७४१ मध्ये कार्डिओइड नाव मिळालं, तो वेगळा. त्याला वर खाच असते पण खाली टोक नसतं. दहा रुपयांची दोन नाणी घ्या, एक दाबून धरा आणि दुसरं त्याच्या कडेवरून न घसरता लोळवा. लोळणाऱ्या नाण्याच्या कडेवरची एक खूण जो मार्ग काढते तो हा वक्र. नाणं एक फेरी पुरी करताना स्वतःभोवती दोनदा फिरतं, हे पैज लावण्यासारखं आहे. स्टीलच्या पेल्यातल्या चहावर उन्हाने उमटणारी टोकदार प्रकाशरेषा मात्र याची नव्हे. ती नेफ्रॉइडची, म्हणजे मूत्रपिंडावरून नाव पडलेल्या वक्राची.

प्रश्न : कारखान्यात व्ही-ब्लॉक, टी-स्लॉट ही नावं अक्षरांवरून कळतात. डोव्हटेल मात्र कळलं तरी मोजता येत नाही. व्हर्नियरने दर वेळी वेगळं माप येतं. (आयटीआय प्रशिक्षणार्थी, सातपूर)

अक्षरांवरून नावं ठेवायची सवय कारखान्यापुरती नाही. द्राक्षाच्या बागेत वेल ज्या तारांवर चढवतात त्या रचनेला सगळा तालुका वाय पद्धत म्हणतो. डोव्हटेल म्हणजे पारव्याची शेपूट : बुडाशी अरुंद, टोकाला रुंद. जर्मन लोक त्याच सांध्याला पाकोळीची शेपूट म्हणतात. शेपटी कुणाचीही असो, गुण एकच : सरळ ओढून निघत नाही, फक्त बाजूने सरकतो. लेथच्या क्रॉस स्लाइडला तो म्हणूनच असतो.

माप चुकतं कारण तुम्ही कोपरे पकडता. आतल्या कोपऱ्यात मिलिंग कटरची गोलाई राहते, बाहेरच्या कोपऱ्यावर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कूस, असते किंवा तो मुद्दाम मोडलेला असतो. व्हर्नियरचा जबडा नेमका कुठे टेकला हे सांगता येत नाही. म्हणून सारख्या व्यासाचे दोन रोलर दोन्ही बाजूंच्या खाचेत ठेवून त्यांच्यावरून मायक्रोमीटरने मोजतात.

६० अंशांच्या बाहेरच्या, म्हणजे उंचवट्याच्या, डोव्हटेलसाठी : रोलरवरचं माप = बुडाची रुंदी + २.७३२ × रोलरचा व्यास. बुडाची रुंदी ४० मिमी आणि रोलर १० मिमीचे, तर माप ६७.३२ मिमी यायला हवं. ६७.५० आलं तर बुडाची रुंदी ४०.१८ आहे, म्हणजे अजून ०.१८ मिमी काढायचं आहे, दोन्ही बाजू मिळून.

रोलर निवडताना एक गोष्ट पाहा. ६० अंशांत रोलर तिरक्या बाजूला टेकतो तो तळापासून व्यासाच्या पाऊण पट उंचीवर. १० मिमीचा रोलर ७.५ मिमीवर टेकेल. डोव्हटेलची खोली ७ मिमीच असेल तर तो वरच्या कडेवर टेकतो, आणि तीच कड बर असलेली. तिथे ८ मिमीचा घ्या, तो ६ मिमीवर टेकतो. तळाच्या कोपऱ्यातला कीस फुंकरीने निघत नाही, ब्रशने काढा. रोलर तळाला आणि तिरक्या बाजूला दोन्हीकडे टेकल्याशिवाय माप घेऊ नका.

आणि ड्रॉइंगवर कोन वाचा. ५५ अंशांचे डोव्हटेलही असतात, त्यांना २.७३२ च्या जागी २.९२१ लागतं. १० मिमीच्या रोलरला हा फरक १.८९ मिमीचा होतो, आणि डोळ्याने पाहून ५५ आणि ६० वेगळे ओळखू येत नाहीत.